विरघळणारी परांची

डॉक्टर हर्षवदन मुनशी परदेशातल्या परिषदेहून सुरतेला परतले ते एक रेशमी टाय आणि एक कल्पना घेऊन. टाय त्यांनी पैसे मोजून घेतला होता. कल्पना तशीच उचलली होती.

कल्पना सुंदर होती, हे मात्र मला नाकारता येत नाही. हाडात जिथे खिंडार पडले आहे तिथे एक हलका, शुभ्र, सच्छिद्र तुकडा बसवायचा. दुधाच्या आंबटपणात जे आम्ल असते, त्याच्याच लांबलचक साखळ्यांनी घडलेला. शरीरातल्या पेशी त्याच्या छिद्रांत शिरतात, वर चढतात, वस्ती करतात आणि हाड विणू लागतात. ते जसजसे उभे राहते तसतसा तो तुकडा आतल्या आत विरघळत जातो. इमारत पुरी झाली की गवंडी बांबूंची परांची उतरवतात, तसेच हे. फक्त ही परांची उतरवायला कोणाला यावे लागत नाही. काम संपले की ती निमूट निघून जाते. इतकी सभ्यता मी माणसांत फारशी पाहिलेली नाही, आणि आमच्या केंद्रात तर मुळीच नाही.

केंद्राचे नाव अस्थिसंजीवन. इच्छापोरच्या रस्त्यावर, कारखान्यांच्या धुरकट रांगेत, काचेचा एक उद्धट चौकोन. प्लेगने सुरतेची अब्रू गेली तेव्हा पालिकेने रस्ते धुवायला घेतले आणि कापडबाजारातल्या शेठ लोकांनी आपापली नावे. कोणी धर्मशाळेवर नाव कोरून घेतले, कोणी पाणपोईवर. ठाकोरभाई रेशमवाला आणि त्यांच्या मंडळींनी संगमरवरात कोरून घेतले, विज्ञानाच्या दारावर. आत विज्ञान आहे की नाही हे पाहण्याची त्यांना निकड नव्हती. पाटी दिसत होती.

आत मी होते. रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी, वडील उधन्याच्या रेल्वे यार्डात, घर डिंडोलीत. माझे पद संशोधन अधिकारी आणि माझे काम मीठ चाळणे. हे मी उपहासाने म्हणत नाही. परांची घडते ती मिठावरच. स्वयंपाकघरातले मीठ कुटायचे, बारीक चाळणीतून काढायचे, क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवलेल्या त्या आम्लसाखळ्यांच्या परदेशी पांढऱ्या दाण्यांत कालवायचे आणि साच्यात ओतायचे. क्लोरोफॉर्म उडून गेला की उरते ती मीठ भरलेली वडी. मग ती पाण्यात ठेवायची. मीठ हळूहळू निघून जाते आणि जिथे जिथे त्याचा कण होता तिथे तिथे त्याच्याच आकाराची पोकळी राहते. दुपारच्या उन्हात मी तो तुकडा खिडकीशी धरीत असे. गेलेल्या गोष्टींनी घडवलेले एक घर. मला ते आवडत असे.

सशांना मात्र त्याने फसवले होते. त्यांच्या मांडीच्या हाडात भोक पाडून आम्ही त्यात हे तुकडे बसवले, तर काही आठवड्यांतच ते मऊ पडले, आंबट झाले, भोवतालचे मांस सुजले आणि भोक होते तसेच राहिले. परांची आधीच कोसळली. इमारत उभीच राहिली नाही. दाणे, प्रमाण, छिद्रांचा आकार, सारेच पुन्हा तपासायला हवे होते. मी तसे म्हणाले.

"ससा हा ससा असतो, विशाखाबेन," मुनशी साहेब टायची गाठ सारखी करीत म्हणाले. "त्याला बरं व्हायची इच्छाच नसते."

माणसाला असते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आणि तो माणूस त्यांनी निवडला तो माझा मामा.

काशीराममामा डिंडोलीतच राहायचा आणि यंत्रमागावर होता. वर्षभरापूर्वी मागाच्या पट्ट्यात त्याचा डावा हात गेला. मनगटाच्या वरचे हाड चुरले, मग त्यात पू झाला, मग सडलेले तुकडे काढून टाकले. जखम भरली, पण आत दोन बोटांएवढी पोकळी राहिली. हात खांद्यापासून निघे आणि मनगटापर्यंत पोचता पोचता विसरून जाई. तुटलेल्या दोऱ्याची गाठ मामा दातांनी बांधू लागला होता. डाव्या हाताशिवाय माग चालत नाही. मालकाने त्याच्या जागी कोणाला कायमचे घेतले नव्हते, पण तो किती काळ थांबणार?

आमच्या केंद्रातल्या तरुण शस्त्रवैद्याने, धुळ्याच्या डॉक्टर वैभव सोनगिरेने, मामाचा हात पाहून एका वाक्यात इलाज सांगितला होता: खुब्याच्या वरच्या कडेचे थोडे हाड काढायचे आणि हातातल्या पोकळीत भरायचे. जुनी रीत, खात्रीची रीत. खुबा काही महिने दुखेल, एवढेच.

मुनशी साहेबांनी तो बेत मोडीत काढला. "खुब्याचं हाड तर कुठलाही डॉक्टर लावतो," ते म्हणाले. "त्यासाठी कोण पत्रकार येईल?"

त्या रविवारी मी मामाकडे गेले. तो खाटेवर बसून डाव्या हाताची बोटे उजव्या हाताने एकेक करून उघडत होता, जणू कोणाच्या तरी मुठीतून आपली वस्तू काढून घेत असावा.

"मामा, नाही म्हणा," मी म्हणाले. "सोनगिरे डॉक्टरांनी सांगितलं तेच करून घ्या. हे अजून कच्चं आहे. सशाचंसुद्धा हाड भरलं नाही."

"ससा काय माग चालवस का?" मामाने विचारले, आणि स्वतःच्याच विनोदावर इतका हसला की मामीने आतून डोकावून पाहिले.

"हसू नका. हात जाईल."

"तुन्ही बनाडेल वस्तू मन्हा हातमा बसी," तो म्हणाला. "आखो काय पाहिजे माले?"

आणखी काय हवे, असे विचारणाऱ्या माणसापुढे माझे विज्ञान लटके पडले. मी केलेली वस्तू वाईट आहे असे मीच सांगत होते, आणि त्याला ऐकू येत होती ती फक्त 'मी केलेली' एवढीच गोष्ट. त्यात भर म्हणून धुडकूभाऊ येऊन बसले. आमच्या समाजमंडळाचे अध्यक्ष. त्यांच्या काखेत कापडी फलकाची गुंडाळी होती आणि ती त्यांनी तिथेच, खाटेपासून दारापर्यंत, उलगडून दाखवली. वर माझा फोटो, खाली मामाचा, मध्ये हाडाचे चित्र. हाड कोंबडीचे होते.

"समाजाची भाची, समाजाचा मामा!" धुडकूभाऊ म्हणाले. "काशीराम, आता मागं फिरशील तर आमचं तोंड काळं होईल, बरं का."

"अन् हाताचं काय होईल, भाऊ?" मी विचारले.

"हात काय, सगळ्यांनाच दोन असतात," धुडकूभाऊ म्हणाले. "सत्कार किती जणांचा होतो?"

मी मुनशींना ओळखत होते. त्यांचे अज्ञान परदेशी कापडाचे होते. धुडकूभाऊंचे आपल्या घरचे, जाडेभरडे. पोत वेगळा, वीण तीच. मी उठून आले. मामा पाठीमागून म्हणाला, "रागे भरू नको व बाई," आणि त्या 'बाई'त एवढे प्रेम होते की मला अधिकच संताप आला.

शस्त्रक्रियेच्या दिवशी केंद्र झेंडूने मढवले होते. बाहेरच्या सभागृहात पत्रकारांना कचोरी चालू होती. शस्त्रक्रियागृहाच्या अलीकडच्या खोलीत एक काचेचे टेबल, त्यावर पांढरे वस्त्र, त्यावर चांदीची तबकडी आणि तबकडीत बंद पाकिटातली माझी परांची. वायूने निर्जंतुक करून ती मुंबईहून आली होती. तेवढी एकच शिल्लक होती. सशांनी बाकीच्या संपवल्या होत्या आणि दाण्यांची बाटली रिकामी झाली होती. नवी यायला कित्येक महिने लागणार होते. शेजारच्या खोलीत मामा हिरव्या झग्यात, सुई टोचलेल्या हाताने पडून होता आणि वैभव त्याची नाडी पाहत होता. मधले दार उघडे होते.

ठाकोरभाई आणि त्यांची मंडळी, म्हणजे केंद्राचे विश्वस्त, आले. पांढरे कपडे, अत्तर, पायांत प्लास्टिकच्या पिशव्या. मुनशी साहेबांनी परांचीविषयी दोन वाक्ये सांगितली. त्यांतले एक बरोबर होते. ठाकोरभाई रेशमवालांनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून पाकिटाकडे पाहिले आणि अस्वस्थ झाले.

आता हे सांगायला हवे की सुरतेत कापड डोळ्यांनी पाहत नाहीत. डोळे फसतात. रिंग रोडच्या बाजारात गादीवर बसलेला शेठ गिऱ्हाइकाशी बोलत असतो, चहा पीत असतो, फोनवर कोणाला तरी शिव्या घालत असतो, आणि त्याचा अंगठा मात्र तर्जनीवर कापडाचे टोक हळूहळू चोळत असतो. सूत कुठले, पीळ किती, खळ किती, सारे त्या दोन बोटांना कळते. जे चोळले नाही ते विकत घेतले नाही. ठाकोरभाईंनी आयुष्यात न चोळता एकाच वस्तूवर पैसा लावला होता, आणि ती वस्तू म्हणजे आमचे केंद्र.

"माल तो जोवो पडे ने, साहेब," ते म्हणाले.

आणि माल पाहायलाच हवा म्हणून, कोणी काही म्हणायच्या आत, त्यांनी पाकीट फाडले.

मी पुढे झाले, पण मुनशी साहेबांनी डोळ्यांनी मला जागीच थांबवले. देणगीदार होते. ठाकोरभाईंनी परांची अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये धरली, चोळली, उजेडाकडे नेली, नाकाशी नेली, तळहातावर उडवून वजन घेतले. "बहु हलकुं," असा शेरा दिला आणि ती शेजारच्याला दिली. त्याने चोळली. त्याने पुढच्याला दिली. एकेकाच्या बोटांना कचोरीचे तेल होते, एकाच्या बोटांना तपकीर. निर्जंतुकतेचे शेवटचे पवित्र वस्त्र असे हातोहात उतरत होते आणि मुनशी साहेब हसत होते, जसे लग्नात मुलीचा बाप हसतो.

परांची तबकडीत परत आली तेव्हा तिच्या एका कडेला तपकिरीचा डाग होता.

वैभव दारात येऊन उभा राहिला. "सर, आता हे आत घालता येणार नाही," तो म्हणाला.

मुनशी साहेबांच्या चेहऱ्यावरून सभागृह, पत्रकार, शाल आणि श्रीफळ असे सारे एकामागून एक सरकून गेलेले मला दिसले. मग ते सावरले. अज्ञानाचे एक बरे असते. त्याला सावरायला वेळ लागत नाही.

"त्यात काय!" ते म्हणाले. "ऑटोक्लेव्हमध्ये टाका. चांगली वाफ द्या. वाफेपुढे सगळे जंतू सारखे."

ऑटोक्लेव्ह म्हणजे इस्पितळातला प्रेशर कुकर. त्यात चिमटे जातात, कात्र्या जातात, कापड जाते, आणि सारे निर्मळ होऊन बाहेर येते. पण हा पदार्थ गरम ओलाव्याचा शत्रू होता. तो कोरड्या बाटलीत, थंड कपाटात, एखाद्या गुपितासारखा जपावा लागे. वाफेत त्याच्या साखळ्या तुटणार होत्या, भिंती ढासळणार होत्या, छिद्रे मिटणार होती. मी ते सांगितले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असे.

"सर, वाफेत हा तुकडा टिकणार नाही. विरघळेल."

मुनशी साहेब विश्वस्तांकडे वळले. "विरघळण्यासाठीच तर केलाय!" ते म्हणाले.

विश्वस्त खळखळून हसले. ठाकोरभाईंनी माझ्याकडे पाहून मान हलवली, नव्या मुनिमाची चूक पोटात घालावी तशी. आणि त्या हसण्यात मला एकाएकी वाट दिसली. वाफ दिली नसती, तर हे नव्या पाकिटात पुन्हा मुंबईला गेले असते, वायू देऊन परत आले असते, आणि पुढच्या आठवड्यात याच टेबलावर, याच टायपुढे, मामाच्या हातात बसले असते. वाफेतून मात्र ते परत येणार नव्हते.

मी दुसऱ्यांदा सांगितले नाही.

परांची मी स्वतः उचलली. स्वच्छ कापडात नीट गुंडाळली, यंत्राच्या ड्रममध्ये ठेवली, झाकण लावले, कडी फिरवली. एवढ्या निगुतीने मी ती घडवतानाही वागले नव्हते. यंत्र सुसकारू लागले. काट्याने आपली जागा गाठली. बाहेर विश्वस्तांना चहा आला. आत, त्या पोलादी अंधारात, मिठाच्या कणांनी मागे ठेवलेली ती इवली इवली दालने एकेक करून खाली बसत असतील, असे माझ्या मनात आले, आणि मला थोडे वाईट वाटले. पण थोडेच.

ड्रम उघडला तेव्हा कापडाच्या घडीत एक पिवळसर, चिकट गोळी होती. चोखून थुंकलेल्या लिमलेटीसारखी. मी ती चांदीच्या तबकडीत ठेवली आणि तबकडी पुढे केली. विज्ञानाला नैवेद्य.

मुनशी साहेबांनी तिच्याकडे बराच वेळ पाहिले. "घट्ट झालाय," ते अखेर म्हणाले. "म्हणजे ताकद वाढली. आकार लहान झाला, तर आपण—"

"एक मिनिट, साहेब," ठाकोरभाई म्हणाले. त्यांनी चष्मा पुन्हा कपाळावर चढवला आणि ती गोळी चिमटीत घेतली. अंगठा तर्जनीवर फिरला. एकदा. पुन्हा एकदा. गोळी बोटांना चिकटली आणि तिची तार निघाली. ठाकोरभाईंचा चेहरा बदलला. इतकी वर्षे ज्या माणसाला ते डॉक्टर समजत होते तो त्यांना पहिल्यांदाच व्यापारी म्हणून दिसला, आणि तोही कच्चा.

"आ माल मारी दुकाने आवे तो पाछो मोकलुं," ते म्हणाले, आणि गोळी तबकडीत टाकून बोटे पांढऱ्या वस्त्राला पुसली.

परत पाठवला असता! सुरतेत याच्यावर अपील नसते. बाकीच्या विश्वस्तांनी आपापले हात खिशात घातले. मुनशी साहेब लाल झाले, मग त्यांना आठवले की बाहेर पत्रकार आहेत, आणि ते तिकडे वळले. जाता जाता वैभवला म्हणाले, "तू उरक तुझं ते खेडवळ काम."

वैभवने माझ्याकडे पाहिले. आम्ही दोघे मामापाशी गेलो. मधले दार उघडेच होते. मामाने सारे ऐकले होते, पण समजले किती ते मला ठाऊक नव्हते. मी तबकडीतली गोळी त्याच्या उजव्या हातात ठेवली.

"हे बघा, मामा. तुमच्या भाचीनं केलेलं हाड."

त्याने ती घेतली, आणि, माग चालवणारा तो, त्याचाही अंगठा आपसूक तर्जनीवर फिरला. त्याने बोटे दूर केली. तार निघाली.

"हाई त शेंबूड शे व!" मामा म्हणाला.

वैभवला हसू आवरले नाही. मलाही. मामा हसला नाही. तो छताकडे पाहत राहिला, आणि त्या हिरव्या झग्यात मला तो फार लहान दिसला. "धुडकू काय म्हणी?" त्याने विचारले. धुडकू काय म्हणेल. हात कापायची वेळ आली असती तरी त्याने पहिल्यांदा हेच विचारले असते.

"धुडकूभाऊंना माग चालवायचा नाही, मामा. तुम्हाला चालवायचा आहे."

मामाने आपला उजवा हात खुब्यावर ठेवला, आपटून पाहिला, जणू तिथे शिल्लक किती आहे ते चाचपीत होता.

"मन्हं हाड मन्हापाशीच व्हतं," तो वैभवला म्हणाला, "आन् तुम्ही परदेशमा धुंडी राहिनात?" मग माझ्याकडे वळला. "आते तूच सांग. तू सांगशी तसं करसूत."

"खुब्यातलं घ्या, डॉक्टर," मी म्हणाले.

मामा आत होता तेव्हा बाहेर सत्कार झाला. शाल मुनशी साहेबांना मिळाली, श्रीफळ मला. पत्रकारांची बातमी आदल्या दिवशीच लिहून तयार होती, ती वाया घालवण्यात अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी सुरतेने वाचले की कृत्रिम हाड यशस्वीपणे बसवण्यात आले. ठाकोरभाईंनीही वाचले असणार. ते काही बोलले नाहीत. नाव त्यांचेही संगमरवरात होते.

होळीनंतर डिंडोलीत आमच्या मंडळाने आपला वेगळा सत्कार केला. हाड भरले होते. मामा लंगडत व्यासपीठावर चढला, कारण खुबा अजून दुखत होता, आणि लोकांना नमस्कार करताना त्याचा डावा हातच आधी उठून उजव्याला शोधू लागला. मागे तो फलक होता, कोंबडीच्या हाडासकट. मला ध्वनिक्षेपकासमोर उभे केले.

मी सगळे सांगितले. मामाच्या हातात जे आहे ते त्याचेच हाड आहे, खुब्यातून काढलेले. मी केलेला तुकडा वाफेत शिजून गेला. या कामाचे श्रेय डॉक्टर सोनगिरेंचे. यात माझे काही नाही. मी एकेक वाक्य स्वतंत्रपणे, कापून ठेवल्यासारखे उच्चारले, जेणेकरून कोणाला कसलीही पळवाट राहू नये.

मग टाळ्या पडल्या; इतक्या की मंडपाचे कापड हलले.

"बघा!" धुडकूभाऊ ध्वनिक्षेपक ओढून घेत ओरडले. "एवढी मोठी शास्त्रज्ञ, पण स्वतःकडे काही घेते का? याला म्हणतात नम्रता!"

सत्यही विरघळते, हे मला तेव्हा कळले. त्याला वाफही द्यावी लागत नाही.

लोक रांगेने वर आले. माझ्या पाया पडणारे पडले, पण बहुतेकांना मामाचा हात हवा होता. एकेक जण तो हातात घेई, मनगटाच्या वर अंगठा आणि तर्जनीने दाबून, चोळून पाही, आणि समाधानाने पुढे सरके. "काही कळतच नाही की नकली आहे," कोणी तरी म्हणाले. मामा प्रत्येकाला हात देत होता. मी त्याच्याकडे पाहिले, तर त्याने डोळा मिचकावला.

उतरताना पायऱ्या उंच होत्या. खुबा त्याला खाली पाऊल टाकू देईना. त्याने आधाराला माझा खांदा धरला, आणि धरला तो डाव्या हाताने. पाची बोटे एकदम मिटली. मला दुखले.

"मामा, हळू," मी म्हणाले.

"कसाले?" तो म्हणाला, आणि पकड सोडली नाही.